सात हात वायर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिले ते फक्त आकडे. ही वही कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण वही आहे, कधीतरी कोणाच्या हाती लागेलच. आमचे हे सुरतेला असतात, सासूबाईंना वाचता येत नाही. मग लिहायचं कशाला, असं मी स्वतःला दोन-तीनदा विचारलं... आप्पांबद्दल जे मला ठाऊक आहे ते तोंडाने सांगायला गेले तेव्हा अर्धंच सांगता आलं, म्हणून लिहिते आहे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. खांडबाऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे, आणि घरापुढे पत्र्याची शेड. तिथे ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. इंजिन, टायर, यातलं काही नाही. हॉर्न वाजत नाही, सेल्फ लागत नाही, बॅटरी रात्रीतून उतरते, अशी दुखणी असली की लोक म्हणत, आप्पांकडे ने. त्यातही छोट्या स्कूट्या जास्त. स्कूटीचं सगळं वायरिंग पायाखाली आणि सीटखाली कोंबलेलं असतं, उघडायला वेळ लागतो, म्हणून दुसरे मिस्त्री टाळायचे आणि बॅटरी बदलून मोकळे व्हायचे.

उसाचे दिवस होते, अंधार लवकर पडायचा. त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. शेडसमोर जीप थांबली. ओळखीचाच जीपवाला, एरवी हॉर्न वाजवल्याशिवाय थांबत नाही. उतरला आणि सासूबाईंना म्हणाला, "काकू, पानी द्या." पाणी पिऊन झालं तरी तांब्या हातात धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "आप्पाले लागनं. फरशी पुलना पुढे. उसनी ट्रॉली उभी व्हती, मांगे दिवा नही." सासूबाईंनी विचारलं, "जास्त लागनं का?" तो म्हणाला, "काकू, तुम्ही आधी खाले बसा." सासूबाई बसल्या, आणि बसल्यावर त्यांना कळलं. मी चुलीजवळ होते. लोक म्हणतात अशा वेळी माणसाला रडू येतं, काही सुचत नाही. मला एकच गोष्ट सुचली आणि तो एक आकडा होता. सतरा.

तो आकडा सांगण्याआधी दुकानातली आमची रीत सांगावी लागेल, नाहीतर कळणार नाही.

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर डोक्यावर, समोर यायचं नाही, काही सांगायचं झालं तर सासूच्या मार्फत. लग्न होऊन आले तेव्हा मी मुळातच अबोल, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. पण दुसऱ्या वर्षी एकदा चहा ठेवायला शेडमध्ये गेले. आप्पा एका स्कूटीत डोकं घालून बसले होते, आणि मला वरून दिसत होतं की सीटच्या कडेला एक लाल वायर निघून लोंबते आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती लाल वायर निघेल शे." बाकावरच्या गिऱ्हाइकाने टाळी दिली. "आप्पा, आते वहू शिकाडी का तुले?" सगळे हसले. आप्पांनी वायर बघितली, जोडली, गाडी लागली. आत सासूबाई मला म्हणाल्या, "दुकानमा तोंड उघडानं नही. घरनी इज्जत शे." मी त्यानंतर उघडलं नाही.

आप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. महिनाभराने मात्र त्यांनी घर आणि शेडच्या मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा लावला. मग बॅटरी तपासायच्या हातातल्या मीटरच्या दोन्ही वायरी, लाल आणि काळी, कापून त्यांना जोड दिला आणि सात हात लांब केल्या. सासूबाईंना म्हणाले, "उन्हमा मीटरना आकडा मले दखात नही. आतमा सावली शे. कोनी तरी आत बशी आकडा वाच." कोणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, यांचं तोवर सुरतेला ठरलं होतं. उरले मी. पडद्याआड बसायचं, मीटर मांडीवर, वायरी पडद्याखालून बाहेर. बाहेर आप्पा वायरीची टोकं बॅटरीला लावणार आणि विचारणार. पण मी बोलणार कशी? त्यावरही त्यांनीच काढलं. ते आकडा विचारतील, तो असेल तर मी दाराच्या चौकटीवर बोटाने एकदा ठोकायचं. नसेल तर दोनदा.

अशी नऊ वर्षं गेली. "बारा शे का?" टक. "साडेबारा?" टक टक. बाकावरची माणसं आधी हसायची, मग त्यांना सवय झाली. नवा कोणी आला की जुना त्याला सांगायचा, "बोलू नको, आत कोर्ट बसेल शे."

शिकवलं त्यांनी मला असंच, माझ्याशी एक शब्द न बोलता. गिऱ्हाइकाला सांगत, आवाज जरा चढवून. मला पहिल्यांदा वाटे, या माणसाला गाडी नेण्याशी मतलब, याला हे कशाला सांगतात? एका शेतकऱ्याला सांगितलेलं आठवतं, "दख भाऊ, इंजिन फिरनं की कॉइल करंट काढस. कॉइल म्हणजे तुन्ही विहिरवरली मोटर. बॅटरी म्हणजे टाकी. आनी मधमा हाई रेग्युलेटर, हाऊ पानी भरनारा मानूस. टाकी भरनी की हाऊ पानी वळावस. हाऊ झोपना तर काय व्हई?" शेतकरी म्हणाला, "टाकी सुकी राही." "नही तर फुटी," आप्पा म्हणाले. "दोन्ही व्हस. सुकी ऱ्हायनी तर मानूस लवकर येस मन्हाकडे. पानी जास्त उनं ते कोनी सांगत नही, कारन दिवा चांगला लागस, लोकं खूश ऱ्हातस." शेतकऱ्याने मान हलवली आणि पैसे किती विचारले. पडद्याआड मी ते वाक्य धरून ठेवलं.

त्यांची तपासायची एक ठरलेली ओळ होती, ती ते मोडत नसत. आधी गाडी बंद ठेवून बॅटरी, साडेबाराच्या आसपास हवी. मग गाडी चालू करून ॲक्सिलेटर द्यायचा, आकडा चौदावर यायला हवा. आला नाही तर कॉइलची वायर सोडवून तिला एक बल्ब लावून बघायचा, ॲक्सिलेटर दिला की बल्ब उजळला पाहिजे. मग रेग्युलेटर. आणि शेवटी अर्थ, म्हणजे ती काळी वायर जी गाडीच्या सांगाड्याला पकडलेली असते. अर्थ सैल असली तर रेग्युलेटर कितीही नवा असो, त्याला काही धरता येत नाही. तो कधी झोपतो, कधी वेड्यासारखं सगळं सोडून देतो.

एकदा एकाचा हेडलाईटचा बल्ब गेला होता. आप्पांनी तो काढून त्याला दाखवला, पण पडद्याच्या फटीसमोर धरून. "दख. काच काळी पडनी. जास्त करंटवर जळना ना, तर काच अशी काजळी धरस. आपटीसन तुटना तर तार तुटी जास, पन काच साफ ऱ्हास." त्या माणसाला त्याचं काय? मला मात्र ते कायमचं लक्षात राहिलं. राहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता पुष्कळदा वाटतं...

आप्पा गेले त्या दिवशी शेवंताबाई सकाळीच आली होती. ती सुकी मासळी विकते, खांडबाऱ्याला आणि चिंचपाड्याला बाजाराच्या दिवशी बसते. तिचं गाव नदीपलीकडे. घरी त्यांची आदिवासी कोकणी बोलते, आमच्याशी बाजारातलं बोलते. नवरा गेल्यावर तिने जुनी स्कूटी घेतली आणि पुढे पाय ठेवायच्या जागी बोंबील आणि खारे मासे यांच्या टोपल्या ठेवून फिरायला लागली. गाडीचा वास इतका की आप्पा म्हणायचे, ही गाडी हरवली तर मांजर शोधून आणेल. तिने दुसरीकडे दोनदा बॅटरी बदलली होती, तरी सेल्फ लागत नव्हता आणि हॉर्न आजारी बकरीसारखा ओरडायचा.

"आप्पा, हाई गाडीले भूत लागेल शे," ती म्हणाली.

"भूत नही लागनं. उपाशी शे. बॅटरीना पोटमा काहीच जात नही."

"मंग जेवाड ना तिले."

आप्पांनी दिवसभर काम केलं. कॉइल चांगली निघाली. रेग्युलेटर जळालेला निघाला, त्याच्या सॉकेटमध्ये हिरवं साचलं होतं. त्यांनी ते पेट्रोलने धुतलं, ब्रशने घासलं, दुपारच्या जीपने नंदुरबारहून नवा रेग्युलेटर मागवून बसवला. नवा बल्बही टाकला. हे होईपर्यंत चार वाजून गेले. शेवंताबाईला जीप गाठायची होती, घरी शेरडं होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला गाडीवर माल घेऊन चिंचपाड्याला जायचं होतं. आप्पा म्हणाले, "तू जाय. मी गाडी लयी येसु, येताना जीप धरसु." तिने ठरलेले साडेबाराशे रुपये त्यांच्या हातात दिले आणि गेली.

मग शेवटचा तपास. बाकावर दोन माणसं बसली होती, एक टायरवाला आणि एक त्याचा पाहुणा. आप्पांनी किक मारली. मीटर माझ्या मांडीवर. त्यांनी ॲक्सिलेटर दिला. आकडा चढला, तेरा, साडेतेरा, चौदा... आणि थांबला नाही. सरळ सतरावर गेला. एक क्षण. मग परत चौदावर येऊन उभा राहिला.

"चौदा उनं का?" आप्पांनी विचारलं.

आलं होतं. मी एकदा ठोकलं.

खोटं ठोकलं नाही मी. पण चौदा आलं आणि त्याच्या पुढेही गेलं, यासाठी आमच्याकडे ठोका नव्हता. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नऊ वर्षांत कधी गरज पडली नव्हती, किंवा पडली असेल आणि मला कळलं नसेल. मी बोट तसंच वर धरून ठेवलं. तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. सतरा. तेवढ्यात टायरवाल्याचा पाहुणा म्हणाला, "आप्पा, तुन्ही वहूना टोला तर घड्याळनामायक शे," आणि टायरवाला हसला. माझं बोट खाली आलं. आप्पांनी सीट बंद केलं. मला वाटलं, मीटर जुना आहे, चुकला असेल. नंतर सासूबाईंच्या मार्फत सांगू असंही वाटलं. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या, आणि त्या यायच्या आत ते निघालेसुद्धा. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. रस्त्याला लागताना त्यांनी ॲक्सिलेटर पिळला तसा दिवा एकदम पांढरा झाला. एवढ्या छोट्या गाडीला इतका पांढरा दिवा असत नाही. मला ते तेव्हा छान दिसलं, हेच लिहायला सगळ्यात अवघड जातं आहे.

लोकांनी ट्रॉलीवाल्याला दोष दिला. तो खरा होताच, मागे ना दिवा ना लाल पट्टी. काहींनी आप्पांच्या वयाला दिला. सासूबाईंनी नशिबाला दिला. मी कोणालाच काही म्हटलं नाही, पण तो प्रश्न माझ्या कानात राहिला. चौदा उनं का? पीठ मळताना, विहिरीवर दोर ओढताना, भर दुपारी. आवाज अगदी जवळून, पडद्याच्या पलीकडून यावा तसा. आणि माझं बोट आपोआप ठोकायचं, परातीवर, घागरीवर. एकदा सासूबाई म्हणाल्या, "काय ठोकी ऱ्हायनी वो तू?" मी हात पदरात गुंडाळला. आत पदराखाली ते तरी ठोकतच होतं.

पंचनामा झाल्यावर पोलिसांनी गाडी सोडली, तेव्हा ती आमच्याच शेडमध्ये आणून ठेवली. पुढचा भाग चेपला होता, बाकी गाडी बरी होती. वर ताडपत्री. शेवंताबाई दिवसकार्याला येऊन गेली तेव्हा तिने ताडपत्रीकडे बघितलंसुद्धा नाही. मग ऐकलं की ती टोपली डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत येते, जीपवाले वासामुळे घेत नाहीत, घेतलं तर दोन माणसांचं भाडं मागतात. तिने चिंचपाड्याचा बाजार सोडला होता. पाचव्या आठवड्यात ती पडद्याबाहेर येऊन उभी राहिली. "बाई, गाडी भंगारमा देवानी का? तुमले तिना त्रास व्हत व्हई," ती म्हणाली. मी आतून दोनदा ठोकलं. तिला ते कळलं नसावं, पण ती थोडा वेळ थांबून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई कीर्तनाला गेल्या असताना, मी ताडपत्री काढली.

सगळ्यात आधी फुटलेल्या हेडलाईटमधून बल्ब काढला. डोळे दुसरीकडे ठेवून काढला, वाटीत ठेवला आणि वर दुसरी वाटी पालथी घातली. तो शेवटी बघायचा असं ठरवलं. खरं म्हणजे तो बघावाच लागू नये, त्याआधीच दुसरं काहीतरी सापडावं, असं मनात होतं. ट्रॉलीची चूक होती, अंधाराची होती, हे मला गाडीकडून कळायला हवं होतं.

मग आप्पांच्या ओळीने निघाले. पण वायरी धरायला बाहेर कोणी नव्हतं. मीच बाहेर आणि मीच आत. मीटर घेऊन उन्हात बसले तर काचेवर नुसती चकाकी, आकडा दिसेना. इतकी वर्षं मला संशय होता की आकडा न दिसण्याचं त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम रचलं होतं. तसं नव्हतं, त्यांना खरंच दिसत नव्हता. पदर मीटरवर धरून वाचलं. बारा आणि थोडं. बॅटरी ठीक. किक मारायला मी कधी शिकले नव्हते, सहाव्या-सातव्या वेळी गाडी लागली. ॲक्सिलेटर दिला. चौदा. पुन्हा दिला. चौदा. माझ्या छातीवरचा दगड हलला. मी उठून गाडीच्या पुढच्या पाट्यावर पाय दिला, जिथे शेवंताबाईच्या टोपल्या असायच्या, आणि पायाने तो दाबून धरत हाताने ॲक्सिलेटर पिळला. मीटर अठरावर गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

मी गाडी बंद केली. कॉइल तपासली, चांगली होती. रेग्युलेटर नवाच, त्याचं सॉकेट स्वच्छ, ब्रशचे ओरखडे अजून दिसत होते.  मग पुढच्या पाट्याची रबरी चटई काढली, चार स्क्रू काढले आणि पाटा उचलला. खाली माशांचे खवले आणि ओलं मीठ. टोपल्यांतून गळलेलं खारं पाणी दोन वर्षं तिथे साचत होतं. आणि काळी वायर जिथे सांगाड्याला बोल्टने पकडली होती तिथे पांढरं-हिरवं ढेकूळ. बोट लावल्याबरोबर वायर निम्मी सुटून आली. दोन-तीन तारा फक्त धरून होत्या.

आप्पांनी पाटा उघडला नव्हता. सॉकेटमधलं हिरवं सापडलं, जळालेला रेग्युलेटर सापडला, आकडा चौदावर आला, मग पाटा कशाला उघडायचा? त्यांना कोणीतरी सतरा म्हणायला हवं होतं. ते ऐकलं असतं तर त्यांनी गाडी थांबवली असती आणि पाटा उघडला असता, अंधार पडला तरी. मी त्यांना नऊ वर्षं ऐकलं आहे. मला माहीत आहे.

सगळं खरवडलं. सांगाडा चमकेपर्यंत सँडपेपर मारला, वायरला नवं टोक लावलं, नवा बोल्ट, वरून ग्रीस. पाटा बसवून त्यावर उभी राहिले, उड्या मारल्या, ॲक्सिलेटर दिला. मीटर चौदावर आला आणि तिथेच राहिला. आणि तेव्हा ते पुन्हा ऐकू आलं, चौदा उनं का? मी ठोकलं नाही. मोठ्याने म्हणाले, "चौदा शे, आप्पा. पन तव्हा सतरा उनं व्हतं. सतरा." आयुष्यात मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. रस्त्याने जाणारी एक बाई थांबून बघायला लागली. मी पदर पुढे ओढला.

मग वाटी उघडली. बल्बची काच काळी होती. आतून, एका बाजूला, दिव्याच्या चिमणीला काजळी धरते तशी.

म्हणजे ते ट्रॉलीजवळ पोहोचण्याआधीच दिवा गेला होता. किती आधी ते बल्ब सांगत नाही. फरशी पुलावर गेला असेल, खड्ड्यात पाटा हलला असेल, एकदम पांढरा झाला असेल आणि मग काहीच नाही. तेवढ्या क्षणात त्यांना कळलं असेल का? त्यांना तर कळणारच. दिवा पांढरा होताना बघून त्यांना कॉइल, रेग्युलेटर, अर्थ सगळं कळलं असेल. आणि मग हेही की आत बसलेल्या माणसाने तो आकडा बघितला होता... मी इथे थांबते नेहमी. यापुढे मला जाता येत नाही, आणि इथून मागेही येता येत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "आते सांगीसन काय उपेग?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "हाई बाहेर कोनले बोलू नको. ट्रॉलीवालावर केस शे, पैसा भेटाना शे." मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की मी पुन्हा एकदा ठोकलं आहे, एकदा, हो म्हणून.

आप्पांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेली गाडी त्याच दुखण्याने परत आली तर ते पैसे परत द्यायचे, सगळे, सामानाचेसुद्धा. गिऱ्हाईक म्हणायचं राहू द्या, सामान तर खरं लागलं ना? ते म्हणायचे, "काम नही व्हयनं तर पैसा कसाना?" शेवंताबाईचं काम झालं नव्हतं. पैसे परत द्यायचे तर का देते ते सांगावं लागणार होतं, आणि न सांगता दिले तर तिला ती दया वाटली असती. मी तीन दिवस विचार केला. बाजाराच्या दिवशी ती शेडसमोरून जाताना दिसली तेव्हा मी पडदा सारून बाहेर आले. बाकावर माणसं होती. टायरवालाही होता. मी म्हटलं, "शेवंताबाई, गाडी तयार शे. त्या दिवशी नीट व्हयेल नव्हती. मी मीटरवर सतरा दखं व्हतं आनी बोलनू नही. आप्पाना दिवा त्यामुळे गया."

एवढंच आलं तोंडात.  टायरवाला उठून उभा राहिला, मग परत बसला. शेवंताबाईने टोपली खाली ठेवली आणि पाट्याकडे बघितलं. मी तिला खरवडलेलं ढेकूळ कागदात बांधून ठेवलं होतं, ते दाखवलं. तिने बोटावर घेऊन जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली. "मन्हंच." मग, "तू बोलनी नही, मी पानी गळू दिधं. आप्पा काय करतीन बिचारा, दोन बायांमधमा सापडना."

ती हसली नाही, मीही नाही. पैशांचं बोलले तर ती रागावली, टोपली उचलून चालायला लागली. मी गाडी ढकलत तिच्या मागे बाजारापर्यंत गेले. शेवटी ती म्हणाली, "घेसु. पन एकदाव नही, बाजारना बाजार दे. तेव्हडंच तू बाहेर येशी."

त्या दिवशीचे साडेबाराशे आप्पांच्या खिशातच होते, ते त्यांच्याच कार्याला लागले. माझ्याकडे वेगळे नव्हते. पण गाड्या येत होत्या. लोकांना वाटलं होतं दुकान बंद पडेल, तरी एकेक जण यायचा, अडून उभा राहायचा आणि विचारायचा, "वहिनी, जरा दखशात का?" आता मी बाहेर बसते. वायरी मी कापल्या नाहीत, सात हात तशाच आहेत, गुंडाळून मांडीवर घेते. आकडा मोठ्याने सांगते, समोर कोणी असो नसो. सासूबाई आतून ऐकतात. परवा एका गाडीला चौदाच्या वर गेलं आणि मी तसं म्हटलं, तर पडद्याआडून आवाज आला, "कितलं गयं?" मी म्हटलं, "पंधरा."  मग त्या म्हणाल्या, "मंग सोडू नको त्याले."

यांना कळलं की मी चारचौघांत सगळं सांगितलं. रागावले. केसचं काय होतं ते अजून ठरायचं आहे. मी म्हटलं, विचारलं तर मी हेच सांगेन, ट्रॉलीला दिवा नव्हता आणि आप्पांनाही नव्हता. दोन्ही खरं आहे.

शेवंताबाईला चार बाजार दिले. कधी तीनशे, कधी दोनशे. या वेळी अडीचशे उरले होते. ती लिंबाखाली बसली होती, समोर बोंबलांचे ढीग, बाजूला तिच्यासारख्याच दोघी आणि गिऱ्हाइकांची गर्दी. मी नोटा पुढे केल्या. तिने हात खारट आहेत असं दाखवलं आणि म्हणाली, "तूच मोज. बोलीसन मोज, मले ऐकू येवाले पायजे." मी उभी राहून मोजलं. शंभर. दोनशे. अडीचशे. बायका बघत होत्या, एक माणूस बोंबील हातात धरून थांबला होता. मी म्हटलं, "हाई शेवटलं. साडेबाराशे पुरं व्हयनं."

शेवंताबाईने फडक्याला हात पुसले, नोटा घेतल्या आणि टोपलीच्या तळाशी, प्लास्टिकखाली सरकवल्या.

"फिटनं," ती म्हणाली, आणि त्या माणसाला बोंबलांचा भाव सांगायला लागली.